खेळाडूंची मतं हा डेटा असतो का? एका खूनकथेच्या खेळावरून समजून घेऊया



पेट, नेट किंवा सेट झाली की पुढचा प्रश्न येतो विषयाचा. आणि आजकाल बऱ्याच जणांचा विषय फिरून फिरून 'ऑनलाइन परीक्षणांचं विश्लेषण' इथे येऊन थांबतो. कारण उघड आहे. डेटा फुकट मिळतो, घरबसल्या मिळतो आणि हजारांनी मिळतो. सिनॉप्सिस लिहून होतो, पीपीटी तयार होते. मग समितीतलं कुणीतरी शांतपणे विचारतं, "ही मतं नेमकी कुणाची आहेत?" आणि तिथे गाडी अडते.

आज हाच प्रश्न आपण एका प्रत्यक्ष उदाहरणावर सोडवून बघू. उदाहरण आहे एका जपानी खूनरहस्य खेळाचं. त्याचा तिसरा मुख्य भाग आला आणि खेळाडूंमध्ये सरळ दोन तट पडले. नेटवर त्याबद्दल एक वाक्य सारखं दिसतं: "खेळाडूंना व्ही३चा शेवट आवडला नाही." आपण हे एकच वाक्य घेऊ आणि बघू, संशोधनाच्या टेबलावर ते किती टिकतं.

(काळजी करू नका, खुनी कोण ते सांगणार नाही. शेवटाची दिशा मात्र थोडी कळेल. ज्यांना तेवढंही नको असेल त्यांनी आधी खेळ संपवून या.)

खेळ काय आहे?

व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे वाचायचा खेळ. पडद्यावर पात्रांची चित्रं, खाली संवाद, मागे संगीत. उड्या मारणं, गोळ्या झाडणं कमी. वाचणं, विचार करणं आणि निवड करणं जास्त.

'दांगानरोन्पा' ही या प्रकारातली गाजलेली मालिका. जपानी भाषेत 'दांगान' म्हणजे बंदुकीची गोळी आणि 'रोन्पा' म्हणजे समोरच्याचा युक्तिवाद खोडून काढणं. स्पाइक चुनसॉफ्ट ही कंपनी, आणि मालिकेमागचा मुख्य लेखक काझुताका कोदाका. कल्पना अशी: काही शाळकरी मुलं एका जागी कोंडली जातात. बाहेर पडायचं असेल तर कुणाचा तरी खून करायचा आणि पकडलं जायचं नाही. खून झाला की तपास होतो, मग सगळ्यांचा मिळून खटला भरतो. खेळाडू पुराव्यांच्या 'गोळ्या' भरून समोरच्याच्या वाक्यातली विसंगती टिपतो.

पहिला भाग जपानमध्ये नोव्हेंबर २०१० मध्ये आला, दुसरा जुलै २०१२ मध्ये. तिसरा मुख्य भाग, म्हणजे 'न्यू दांगानरोन्पा व्ही३: किलिंग हार्मनी', जपानमध्ये १२ जानेवारी २०१७ ला आणि इंग्रजीत सप्टेंबर २०१७ मध्ये आला. यात नवी पात्रं होती, नवी जागा होती आणि एक नवी सोयही होती: खटल्यात खेळाडू मुद्दाम खोटं बोलू शकतो. खरं आणि खोटं हाच या भागाचा विषय आहे. शेवटी खेळ हा प्रश्न कथेच्या बाहेर काढतो आणि मालिकेकडेच, तिचे पुढचे भाग मागणाऱ्यांकडेच वळवतो.

इथे मतं फुटली. काही जण म्हणतात, एवढं धाडस करणारा शेवट दुसऱ्या कुठल्या मालिकेने दिला नसता, आणि खरं-खोटं या विषयाला तो अगदी शोभतो. काही म्हणतात, चाळीसेक तास आम्ही या पात्रांत जीव गुंतवला आणि शेवटी लेखकाने आम्हालाच सुनावलं. तिसरा एक गट आहे, त्याची चर्चा कमी होते: त्यांना शेवट पटला नाही, पण खेळ आवडला. हा तिसरा गट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिला प्रश्न: 'खेळाडू' म्हणजे कोण?

आपण नमुना काढायला धावतो, पण समष्टी कोणती हे ठरवतच नाही. व्ही३च्या बाबतीत किमान चार गट आहेत. खेळ विकत घेऊन पूर्ण खेळलेले. अर्ध्यात सोडलेले. यूट्यूबवर दुसऱ्याला खेळताना पाहून कथा जाणणारे. आणि कुणाकडून तरी शेवट ऐकून मत बनवलेले. व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये कथाच मुख्य असते, त्यामुळे तिसरा गट चांगलाच मोठा असू शकतो. हे चारही गट शेवटाबद्दल लिहितात, आणि लिहिलेल्या वाक्यावरून कोण कुठल्या गटातला हे कळत नाही.

इथे स्टीमसारखी जागा थोडी उपयोगी पडते. तिथल्या परीक्षणाशेजारी तो माणूस किती तास खेळलाय ते दिसतं. चार तास खेळलेल्याने शेवटाबद्दल लिहिलं असेल, तर ते मत खेळून आलेलं असण्याची शक्यता जवळपास नाही. कथाप्रधान खेळांत बहुधा प्रत्येक प्रकरण संपलं की एक अचीव्हमेंट मिळते आणि ती किती टक्के खेळाडूंना मिळाली हे स्टीम जाहीर दाखवतं. म्हणजे कुठल्या प्रकरणापर्यंत किती लोक टिकले, याचा अंदाज मिळतो. तासांच्या आकड्यातही खोट असते बरं का. खेळ चालू ठेवून जेवायला गेलेल्याचे तासही त्यात मोजले जातात.

पुढचा भाग कोण खेळतं?

मालिकेच्या पुढच्या भागाला एक खास अडचण असते. ती आकड्यांत बघू. हे आकडे मी समजण्यासाठी घेतलेत, कुठल्या पाहणीतले नाहीत.

समजा पहिला भाग १००० जणांनी खेळला. ६०० जणांना आवडला, ४०० जणांना नाही. आवडलेल्यांपैकी निम्म्यांनी, म्हणजे ३०० जणांनी दुसरा भाग घेतला. न आवडलेल्यांपैकी फक्त ५ टक्क्यांनी, म्हणजे २० जणांनी. दुसऱ्या भागाचे खेळाडू झाले ३२०, आणि त्यातले जवळपास ९४ टक्के आधीचे चाहते. आता यातल्या २५६ जणांना दुसरा भाग आवडला, तर पसंती ८० टक्के दिसेल. पहिल्याची ६० टक्के होती. "दुसरा भाग जास्त चांगला," असं लिहून आपण मोकळे!

पण खेळ सुधारला की प्रेक्षक गाळला गेला? या आकड्यांवरून सांगता येत नाही. याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात. तिसऱ्या भागापर्यंत तर दोनदा चाळण लागलेली असते.

आता उलट बाजू. ज्या खेळाला यश मिळतं, त्याचाच पुढचा भाग निघतो. यशात थोडा भाग गुणवत्तेचा असतो, थोडा नशिबाचा, वेळ जुळून येण्याचा. नशीब दरवेळी तेवढंच साथ देत नाही, म्हणून पुढचा भाग सरासरीकडे सरकण्याची शक्यता जास्त. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीत हेच दाखवलं होतं. आपण त्याला मध्याकडे परतणं म्हणतो.

बघा गंमत. एक कारण पुढच्या भागाची पसंती वर ढकलतंय, दुसरं खाली ओढतंय. म्हणून नुसतं "पूर्वग्रह असू शकतो" असं मर्यादांच्या प्रकरणात लिहून भागत नाही. तो कुठल्या दिशेने असेल, हे सांगावं लागतं. समितीला तेच ऐकायचं असतं.

दुसरा प्रश्न: लिहितं कोण?

खेळ संपवलेल्या सगळ्यांनी मत लिहिलं असतं तर काम सोपं होतं. पण "ठीक होता" असं वाटलेला माणूस खेळ बंद करून झोपतो. भारावलेला लिहितो आणि चिडलेला लिहितो.

नान हू, पॉल पावलू आणि जी झांग यांनी २००९ मध्ये यावर एक वाचनीय लेख लिहिला. ऑनलाइन परीक्षणांचा आलेख इंग्रजी 'जे' अक्षरासारखा दिसतो: खालच्या टोकाला थोडी गर्दी, मध्ये खड्डा, वरच्या टोकाला मोठी गर्दी. त्यांनी दोन कारणं दिली. एक, विकत घेणारे मुळातच अनुकूल असतात. दोन, मधल्या मताचे लोक लिहीतच नाहीत. आणि जेव्हा लिहिणं-न लिहिणं ऐच्छिक न ठेवता सगळ्यांनाच गुण द्यायला सांगितले, तेव्हा मधला खड्डा भरून निघाला.

मघाचा तिसरा गट आठवला? 'शेवट पटला नाही, पण खेळ आवडला' वाले. तेच या खड्ड्यात गेलेत. व्ही३बद्दल आपल्याला दोन तट दिसतात, त्यातला काही भाग खेळाचा असेल, पण काही भाग मतं गोळा करण्याच्या पद्धतीनेच तयार केलेला असू शकतो.

वेळेचाही मुद्दा आहे. शिनशिन ली आणि लॉरिन हिट यांनी २००८ मध्ये ॲमेझॉनवरच्या पुस्तकांच्या परीक्षणांचा अभ्यास केला. बऱ्याच पुस्तकांना सुरुवातीला जास्त गुण मिळतात आणि पुढे ते घसरतात, असं त्यांना दिसलं. पहिल्या दिवशी घेणाऱ्यांची आवड सर्वसाधारण वाचकापेक्षा वेगळी असते. म्हणून परीक्षणाची तारीख हा आपल्या डेटात एक स्वतंत्र रकाना हवाच.

जागेचे नियमही बदलत असतात. स्टीमने सप्टेंबर २०१७ मध्ये परीक्षणांचा काळानुसार आलेख दाखवायला सुरुवात केली आणि मार्च २०१९ पासून विषयाबाहेरच्या परीक्षणांची लाट ओळखून ती एकूण गुणांतून वगळायला. मेटाक्रिटिकने जुलै २०२० मध्ये नवा खेळ आल्यावर पहिले ३६ तास खेळाडूंना गुण देण्याची सोयच बंद ठेवली. २०१७ आणि २०२१ ची परीक्षणं एकाच ढिगात टाकाल, तर तुम्ही दोन वेगळ्या मापांनी मोजलेलं धान्य एकाच पोत्यात भरताय.

सरासरी काय लपवते?

परत समजण्यासाठीचे आकडे. १०० जणांनी प्रत्येकी १० पैकी ७ गुण दिले. सरासरी ७. दुसरीकडे ५० जणांनी १० दिले, ५० जणांनी ४ दिले. सरासरी तीच, ७. पहिल्या खेळाला आपण 'बरा' म्हणू, दुसऱ्याला 'वादग्रस्त'. पण तक्त्यात दोन्ही सारखेच. फरक दिसतो प्रमाण विचलनात: पहिल्याचं शून्य, दुसऱ्याचं ३. म्हणून नियम करून टाका: सरासरी लिहिण्याआधी आलेख काढायचा. दोन उंचवटे दिसले तर सरासरी एकटी लिहायची नाही.

स्टीमवर तर गुणच नसतात, फक्त अंगठा वर किंवा खाली. 'शेवट पटला नाही, पण खेळ आवडला' हा माणूस तिथे अंगठा वरच देतो. म्हणजे पसंतीची टक्केवारी बघून "शेवट लोकांना आवडला" म्हणणं चूक. प्रश्न विचारलाय 'खेळ सुचवाल का?' आणि आपण उत्तर वाचतोय 'शेवट कसा वाटला?' चं. मापनाच्या भाषेत ही वैधतेची अडचण आहे.

अजून एक. १० पैकी ९ अंगठे वर असलेला खेळ चांगला की १००० पैकी ८५० असलेला? ९० टक्के विरुद्ध ८५ टक्के. एडविन विल्सनने १९२७ मध्ये दिलेल्या सूत्राने ९५ टक्के विश्वासांतर काढलं, तर पहिल्याचं येतं साधारण ६० ते ९८ टक्के आणि दुसऱ्याचं ८३ ते ८७ टक्के. म्हणजे पहिल्याबद्दल आपल्याला फारसं माहीतच नाही. सूत्र कुठल्याही संख्याशास्त्राच्या पुस्तकात मिळेल, स्वतः हाताने एकदा करून बघा.

पण इथेच विज्ञान शाखेच्या मुलांचा पाय घसरतो, म्हणून ठळकपणे सांगते. विश्वासांतर फक्त यादृच्छिक नमुन्यातली चूक मोजतं. नमुना मुळात तिरका असेल, तर दहा लाख परीक्षणं घेतलीत तरी अंतर अरुंद होत जाईल आणि तुम्ही चुकीच्या आकड्याबद्दल अधिकाधिक ठाम होत जाल. डेटा मोठा आहे, हे नमुना योग्य असल्याचं प्रमाणपत्र नाही.

खूनकथेची स्वतःची भानगड

प्रत्येक विषयाचे स्वतःचे सापळे असतात. खूनकथेचे तीन सांगते.

पहिला: "खुनी कोण ते मला आधीच कळलं होतं." ही तक्रार या प्रकारच्या खेळांबद्दल नेहमी येते. बरूख फिशहॉफने १९७५ मध्ये दाखवलं, की निकाल कळल्यावर माणसाला तो आधीपासूनच संभवनीय वाटत होता असं वाटायला लागतं. खेळाडू खोटं बोलत नसतो, त्याची आठवणच बदललेली असते. मग उपाय काय? खटला सुरू होण्याच्या आधी विचारायचं: तुझा संशय कुणावर, आणि किती खात्री आहे? दांगानरोन्पाची रचना यासाठी सोयीची आहे, कारण तपास संपतो आणि खटला सुरू होतो तो क्षण प्रत्येक प्रकरणात स्पष्ट असतो.

दुसरा: शेवटाचं वजन. डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग केला. लोकांनी एकदा १४ अंशांच्या गार पाण्यात ६० सेकंद हात ठेवला. दुसऱ्यांदा तेवढाच वेळ ठेवून वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. पुन्हा कुठलं कराल विचारलं तर बहुतेकांनी लांबलेलं, म्हणजे एकूण जास्त त्रासाचंच निवडलं, कारण त्याचा शेवट बरा होता. आठवणीत कळस आणि शेवट उरतो, कालावधी नाही. मग ४० तासांच्या खेळाचं मत शेवटच्या दोन तासांवर ठरत असेल का? लक्षात घ्या, हे मी सिद्ध झालेलं म्हणून सांगत नाहीये. गार पाण्यावरून कथेवर थेट उडी मारता येत नाही. पण हे एक चांगलं गृहीतक आहे, आणि प्रकरणागणिक गुण घेऊन ते तपासता येतं.

तिसरा: रहस्य आधीच फुटलेलं असणं. जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टेनफेल्ड यांनी २०११ मध्ये लघुकथांवर प्रयोग केले, त्यात रहस्यकथाही होत्या. शेवट आधी सांगितलेल्या वाचकांना कथा उलट जास्त आवडल्या! २०१५ मध्ये बेंजामिन जॉन्सन आणि जुडिथ रोझेनबॉम यांच्या प्रयोगात मात्र निष्कर्ष बराचसा विरुद्ध दिशेने गेला. वाद मिटलेला नाही. आपल्यासाठी धडा एवढाच, की जपानमध्ये जानेवारीत आलेला खेळ इंग्रजीत सप्टेंबरमध्ये आला. मधल्या आठ महिन्यांत कुणी काय ऐकलं, यावर त्याचं मत अवलंबून असू शकतं. 'शेवट आधी माहीत होता का?' हा प्रश्न प्रश्नावलीत हवाच.

मतांचं कोडिंग कसं करायचं?

आता मजकुराकडे. "शेवट वाईट" या दोन शब्दांत किमान चार वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात:

१. न्याय्यतेची: पुरावे आधी दाखवले नव्हते, फसवणूक झाली. ही जुनी तक्रार आहे. रॉनल्ड नॉक्सने १९२९ मध्ये गुप्तहेरकथेचे दहा नियम लिहिले, ते याचसाठी.
२. भावनेची: आवडतं पात्र गेलं, किंवा त्याचा जीव तोडून केलेला प्रवास फुकट गेला असं वाटलं.
३. आशयाची: शेवटातून जे सांगितलंय तेच पटत नाही.
४. हाताळणीची: कल्पना चांगली, पण खूप लांबवली, घाईत उरकली, किंवा भाषांतरात बिघडली.

लेखकाच्या दृष्टीने या चार तक्रारींवर चार वेगळे उपाय आहेत. सगळ्यांना 'नकारात्मक' असा एकच शिक्का मारला, तर संशोधनातून कुणाच्या हाती काहीच लागत नाही.

कोडपुस्तक बनवलं की दोघांनी स्वतंत्रपणे तीच परीक्षणं वाचायची आणि मग मेळ किती ते मोजायचं. समजा १०० परीक्षणं आहेत. 'न्याय्यतेची तक्रार आहे' असं दोघांनीही म्हटलं २० वेळा, 'नाही' असं दोघांनीही म्हटलं ६० वेळा, आणि १०-१० ठिकाणी एकमेकांविरुद्ध गेले. मेळ ८० टक्के. छान वाटतं ना? पण नुसत्या योगायोगानेही काही मेळ बसलाच असता. प्रत्येकाने ३० वेळा 'आहे' आणि ७० वेळा 'नाही' म्हटलंय, म्हणून योगायोगाचा मेळ ०.३ × ०.३ + ०.७ × ०.७ = ०.५८. जेकब कोहेनचा १९६० चा कॅप्पा येतो (०.८० − ०.५८) ÷ (१ − ०.५८), म्हणजे साधारण ०.५२. लँडिस आणि कॉख यांच्या १९७७ च्या पट्टीवर हा 'मध्यम' मेळ. म्हणजे कोडपुस्तकातली व्याख्या अजून घासायला हवी.

"ताई, एवढं वाचत कशाला बसायचं, सेंटिमेंटचं टूल लावू की!" हे मला दर आठवड्याला कुणीतरी म्हणतंच. लावा, पण आधी १०० परीक्षणं हाताने वाचून. शब्दकोशावर चालणारी टूल्स 'खून', 'मृत्यू', 'निराशा' हे शब्द नकारात्मक धरतात. या मालिकेत तर आशा आणि निराशा हे मुख्य विषयच आहेत. "काय सुंदर निराशा दिली!" ही चाहत्याची दाद आहे, आणि टूल तिला तक्रार समजेल. टिम लोगरन आणि बिल मॅक्डॉनल्ड यांनी २०११ मध्ये आर्थिक अहवालांबाबत हेच दाखवलं: सर्वसाधारण शब्दकोशात नकारात्मक असलेले कितीतरी शब्द त्या क्षेत्रात साधे, कोरडे असतात. शब्दाचा अर्थ त्या-त्या बिरादरीत ठरतो.

तुलना कुणाशी?

"व्ही३ दुसऱ्या भागापेक्षा खाली घसरला" असं म्हणायचं असेल, तर बाकी सगळं सारखं होतं का ते बघा. जपानमध्ये पहिल्या दोन भागांत सुमारे २० महिन्यांचं अंतर होतं. उत्तर अमेरिकेत हे दोन्ही भाग २०१४ मध्येच आले, फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये. मग व्ही३साठी तिथे तीन वर्षं थांबावं लागलं, जपानमध्ये साडेचार. शिवाय मध्ये २०१६ मध्ये एक ॲनिमे मालिका आली, जिने आधीच्या दोन भागांची कथा पूर्ण केली. म्हणजे व्ही३ हातात घेणाऱ्याच्या मनात अपेक्षा वेगळी, वाट पाहण्याचा काळ वेगळा, वयही वेगळं. चौदाव्या वर्षी खेळलेला पहिला भाग आणि एकविसाव्या वर्षी खेळलेला तिसरा यांची तुलना करताना खेळाडूही बदललेला असतो.

ही तुलना प्रयोगाशिवाय पूर्ण सुटत नाही. पण एक चांगली वाट आहे: मालिका पहिल्यांदाच खेळणारे शोधायचे आणि अर्ध्यांना व्ही३ आधी, अर्ध्यांना नंतर द्यायचा. कष्टाचं काम आहे, कारण तीन खेळ म्हणजे शंभरेक तास. ३० जण मिळाले तरी खूप झाले. पण कारण-परिणामाच्या बाबतीत ते ३० जण तुम्हाला जे सांगतील, ते ३०,००० परीक्षणं सांगणार नाहीत.

माणसं आहेत ती

शेवटचा मुद्दा, पण सिनॉप्सिसमध्ये पहिला हवा. सार्वजनिक ठिकाणी लिहिलेलं मत म्हणजे आपल्या मालकीचं झालं असं नाही. एखाद्या मुलाने लिहिलेलं असतं, की वाईट काळात या पात्राने मला सावरलं आणि शेवटाने ते हिरावून घेतलं. ते वाक्य जसंच्या तसं प्रबंधात छापलं, तर शोधयंत्रावर टाकून कुणीही त्याच्यापर्यंत पोचू शकतं. म्हणून नाव, टोपणनाव काढा, वाक्य स्वतःच्या शब्दांत मांडा, आणि संस्थेच्या नैतिकता समितीकडे डेटा गोळा करण्याआधी जा, नंतर नाही. अशा खेळांचे कितीतरी चाहते अठराच्या आतले असतात, हेही तिथे स्पष्ट लिहा.

आता ते वाक्य परत लिहू

सुरुवातीचं वाक्य होतं: "खेळाडूंना व्ही३चा शेवट आवडला नाही." आता ते असं होईल:

"अमुक काळात स्टीमवर इंग्रजीत लिहिलेल्या, ३० तासांहून अधिक खेळलेल्या खेळाडूंच्या परीक्षणांपैकी ज्यांत शेवटाचा उल्लेख आहे, त्यांत नाराजीचं सर्वांत जास्त आढळलेलं कारण अमुक होतं, दोन वाचकांमधला कॅप्पा अमुक, आणि मध्यम मताचे खेळाडू लिहीत नसल्यामुळे नाराजी आणि कौतुक दोन्ही प्रत्यक्षापेक्षा टोकाचं दिसत असण्याची शक्यता आहे."

लांबलचक झालं, रुबाब गेला, मान्य. पण यातला प्रत्येक तुकडा एकेका प्रश्नाचं उत्तर आहे. पहिल्या वाक्यावर समिती पाच प्रश्न विचारते, दुसऱ्यावर विचारते, "पुढे काय करणार?" आणि तो प्रश्न यावा यासाठीच तर आपण तिथे बसलेलो असतो.

जाता जाता गृहपाठ. तुमच्या आवडीचा कुठलाही पुढचा भाग घ्या. खेळ, सिनेमा, वेबसीरिज, काहीही चालेल. २० परीक्षणं वाचा आणि प्रत्येकासमोर तीन रकाने भरा: याने पूर्ण पाहिलंय हे कशावरून, तक्रार वरच्या चारपैकी कुठली, आणि जो लिहायला आलाच नाही तो काय म्हणाला असता. तिसरा रकाना भरता येणार नाही. तो रिकामा रकाना वहीत तसाच ठेवा. तुमच्या संशोधनाच्या मर्यादा तिथूनच लिहायला सुरुवात होते.

पुढच्या लेखात प्रश्नावली कशी बनवायची ते बघू. तोवर अभ्यास चालू ठेवा, आणि कुणाला खुनी सांगू नका!